अनसूयाबाईंचं चुकीचं जर्मन

कावळा काही केल्या शिवेना.

कामवारी नदीच्या काठावर माधवच्या दहाव्याचे पिंड मांडून बराच वेळ झाला होता. समोरच्या भिंतीवर कावळे रांगेनं बसले होते, पण पिंडांकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. भिवंडीचे कावळे एरवी इतके संकोची नाहीत, पोराच्या हातातली पोळी पळवतात. त्या दिवशी मात्र सगळे सोवळ्यात असल्यासारखे बसून राहिले. घाटावर बायकांनी जाऊ नये म्हणतात, पण अनसूयाबाई गेल्या होत्या आणि त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नव्हती. एकुलता एक मुलगा, चोविशीतला, कावीळ काय होते आणि पंधरवड्यात जातो काय. त्या आईला कोण शास्त्र सांगणार?

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला आहे. मग ज्याला जे सुचेल ते वचन मोठ्यानं द्यायचं. धाकटे दीर चिंतामणी पुढे झाले आणि म्हणाले, "माधव, दादा-वहिनींची काळजी करू नकोस, मी आहे." कावळे ढिम्म. अनसूयाबाई म्हणाल्या, "बाळा, मी रडणार नाही." हे खोटं आहे हे कावळ्यांनाही कळलं असावं. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा येत नसेल तर गवताचा शिववायचा, अशी सोय शास्त्रानं ठेवलेली आहे.

तेवढ्यात प्रभाकरराव पुढे आले. प्रभाकरराव ठोसर म्हणजे तहसील कचेरीतले अव्वल कारकून. दहा दिवसांत त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. हात जोडून, साहेबांपुढे उभं राहावं तसे ते उभे राहिले आणि म्हणाले, "माधव, तुझं ते जर्मन मी पुरं करीन."

भिंतीवरचा एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि सरळ पिंडात चोच घातली.

ब्राह्मण आळीत पुढे महिनाभर याचीच चर्चा. कुणी डोळे पुसले, कुणी तोंडाला पदर लावून हसलंही. छप्पन्नाव्या वर्षी हा माणूस जर्मन शिकणार! ज्याला इंग्रजी अर्ज लिहितानाही दोनदा विचारावं लागतं!

हे जर्मन घरात आलं ते माधवच्या नोकरीमुळे. कापडाचा डिप्लोमा करून तो शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात लागला होता. तिथे जर्मनीहून नवे लूम, म्हणजे यंत्रमाग, यायचे होते, धोट्याशिवाय चालणारे. मालक म्हणाले होते, जो भाषा शिकेल त्याला सहा महिने तिकडे पाठवतो. झालं. माधव दर रविवारी मुंबईला क्लासला जायला लागला आणि एक पातळसं पुस्तक घेऊन आला. संध्याकाळी मागच्या खोलीत बसून तो मोठ्यानं घोकायचा. मोठ्यानं, कारण मागच्या गल्लीतच लूमचा गाळा होता आणि त्या खडखडाटात माणसाला स्वतःचा आवाज ऐकायचा तरी ओरडावं लागे. ओटीवर बसलेले प्रभाकरराव गंमत म्हणून त्याच्यामागून म्हणायचे आणि हमखास चुकायचे. मग आतून यायचं, "अंहं."

त्या 'अंहं'मध्ये राग नसायचा. नाकातून निघालेलं, आखूड, आणि शेवटाला किंचित हसू. पाठोपाठ शिकवणी. "बाबा, 'इख' नाही हो. 'इश'सुद्धा नाही खरं तर. मांजर लांबून फिस्कारतं ना, तसं हळूच म्हणा. इश म्हणजे मी. आणि क्रियापदाची शेपटी बदलते, आपल्यासारखीच. मी येतो, तू येतोस, तो येतो. इश कोमे, डू कोम्स्ट, एअर कोम्ट." प्रभाकरराव म्हणत, "इख कोम्स्ट." की पुन्हा "अंहं." स्वयंपाकघरात अनसूयाबाई हसत असायच्या. असं ते सुखाचं घर होतं. मग कार्तिकात कावीळ झाली.

सुतक फिटलं आणि मार्गशीर्षात प्रभाकररावांनी खरोखरच पुस्तक उघडलं. गुरुजींनी बजावलं होतं, दिलेलं वचन वर्षश्राद्धाच्या आत पुरं व्हायला हवं, नाहीतर तो जीव इथेच घोटाळत राहील. संध्याकाळी कचेरीतून आले, चहा झाला, की ते मागच्या खोलीत माधवच्या कॉटसमोर खुर्ची टाकून बसत. पुस्तकात माधवनं प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहून ठेवले होते. त्या फिस्कारणाऱ्या 'श'वर त्यानं एक टिंब दिलं होतं, म्हणजे जपून.

पहिल्याच संध्याकाळी प्रभाकरराव मोठ्यानं म्हणाले, "इख कोमे."

"अंहं."

अनसूयाबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. नवऱ्यानं घसा खाकरला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण तीस वर्षं ऐकलेलं खाकरणं आणि पोटच्या पोराचा आवाज यांतला फरक बाईला कळत नाही होय! भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या आधी आनंद झाला, आणि त्या आनंदाची पुढे त्यांना लाज वाटायची.

आतून प्रभाकररावांचा आवाज आला, "इश कोमे." त्यावर काही नाही. फक्त लूमचा खडखडाट.

जेवताना आमटीत मीठ कमी होतं, ते कुणी बोललं नाही. यांनी ऐकलं का, हे अनसूयाबाईंना विचारायचं होतं. पण विचारलं आणि ते 'नाही' म्हणाले तर? किंवा 'हो' म्हणाले आणि उद्या गुरुजींना बोलावून शांत करायला निघाले तर? त्यांनी न विचारायचं ठरवलं. संसारात पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्यापासून काही लपवलं.

मग रोजचाच नेम झाला. प्रभाकरराव चुकत आणि आतून 'अंहं' येई. बरोबर म्हटलं की काही नाही. म्हणजे चुकलं तरच माधव! अनसूयाबाईंना हे गणित कळायला चार दिवससुद्धा लागले नाहीत, आणि त्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. प्रभाकरराव सुरात येऊन शेपट्या लावू लागले, 'ए, स्ट, ट, एन, ट, एन', की या नेमक्या तेव्हाच चहा घेऊन आत जायच्या. "अहो, केरोसीनच्या रांगेत उद्या कोण उभं राहणार?" माणूस बिचारा गडबडायचा आणि तिसऱ्याची शेपटी दुसऱ्याला लावायचा. "अंहं." अनसूयाबाई कप ठेवून, पदरात हसू लपवून बाहेर यायच्या.

एकदा दुपारी, प्रभाकरराव कचेरीत असताना, त्या माधवच्या कॉटवरची चादर झटकत होत्या. कानावर पडून पडून तोंडात बसलेलं सहज बाहेर पडलं, "डू कोम्ट."

"अंहं."

त्यांच्या अगदी जवळून आला आवाज, कॉटच्या उशाकडून, आणि फक्त त्यांच्यासाठी. अनसूयाबाई कॉटवर बसल्या. चादर तोंडाशी धरून पोटभर रडल्या आणि मग डोळे पुसून पुन्हा म्हणाल्या, "डू कोम्ट."

"अंहं."

तेव्हापासून त्या रोज दुपारी जर्मन बोलू लागल्या, आणि तेही चुकीचं. आता बघा, चुकायचं म्हणजे आधी बरोबर काय ते ठाऊक हवं, नाहीतर चुकून बरोबर बोललं जायचं आणि एक 'अंहं' फुकट जायचा. म्हणून बाई पुस्तक घेऊन मन लावून शिकल्या. ओठ 'ऊ'चे करायचे आणि जीभ 'ई'ची, हा माधवनं समासात लिहिलेला धडा त्यांनी कणीक मळताना पाठ केला. शेजारीण दारात आली तर या ओठांचा चंबू करून 'ई' म्हणतायत. तिला वाटलं, पोरापाठोपाठ आईही हातची चालली. तिला काय माहीत, की आळीत त्या घटकेला जर्मनची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी हीच होती.

शुक्रवार त्यांना सगळ्यांत आवडायचा. त्या दिवशी गावातली वीज बंद, लूम बंद, सगळी भिवंडी कशी चिडीचूप. इतर दिवशी 'अंहं' खडखडाटातून वेचून घ्यावा लागे, शुक्रवारी त्यातलं शेवटचं हसूसुद्धा ऐकू येई. त्या दिवशी त्या लवकर जेवण उरकत आणि चटई टाकून बसत.

असं करता करता आश्विन लागला. प्रभाकररावांनी रखडत का होईना, शेवटचा धडा गाठला. त्यात एक नवं क्रियापद होतं, श्लाफेन. म्हणजे झोपणं. त्याची नुसती शेपटी बदलत नाही, पोटातला स्वरही बदलतो. मी झोपतो, इश श्लाफे. पण तू झोपतोस म्हणताना श्लाफ्स्ट नाही, श्लेफ्स्ट. तो झोपतो, श्लेफ्ट. पुढे पुन्हा श्लाफेन, श्लाफ्ट, श्लाफेन. ही सहा रूपं न चुकता आली की पुस्तक संपलं. वचन पुरं.

आणि प्रभाकरराव तिथेच अडकले. आठवडा गेला, पंधरवडा गेला. रोज "डू श्लाफ्स्ट". रोज "अंहं". दिवाळी झाली, वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तरी श्लाफ्स्टचं श्लेफ्स्ट होईना. चिंतामणी भावोजी येऊन विचारून गेले. गुरुजींनी निरोप धाडला. अनसूयाबाई चारचौघांत म्हणायच्या, "यांच्या डोक्यात कांदेबटाटे भरलेत हो, काय करू!" आणि मनात म्हणायच्या, असेच राहा, देवा, यांना कधी काही येऊ देऊ नकोस.

वर्षश्राद्धाच्या आधीचा शुक्रवार होता. वाल घेऊन बायडी आली. बायडी गणेशपुरीकडच्या पाड्यावरची. एसटीनं यायची, टोपली घेऊन आळीभर फिरायची. या दारी ती नवीनच होती, या घराचं काहीच तिला ठाऊक नव्हतं. अनसूयाबाई नेमक्या आत बसून चुकत होत्या. हाक ऐकून बाहेर आल्या. बायडी उंबऱ्याशी टेकली होती आणि मान तिरकी करून आतल्या खोलीकडे बघत होती.

"बाई, पोरगा आजारी हाय का गं तुझा?"

अनसूयाबाईंनी परडी खाली ठेवली. "कोण पोरगा?"

"आत बोलतो तो. आता नाय का केलान, अंहं, अंहं." बायडीनं तो आवाज जसाच्या तसा काढला. त्यात हसू नव्हतं. "लय दमल्यासारखा वाटतो गं. नको त्याला बोलवू. निजू दे की घटकाभर."

अनसूयाबाईंनी वाल घेतले का, घेतले तर किती, हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. बायडी गेली. त्यांनी दाराला कडी लावली आणि मागच्या खोलीत येऊन चटईवर बसल्या.

बाहेर चिडीचूप होतं. बराच वेळ त्यांचं धाडस होईना. मग हलकेच म्हणाल्या, "डू श्लाफ्स्ट."

काही नाही. त्या थांबल्या. गल्लीत कुठेतरी सायकलची घंटी वाजली. आणि मग, कुणी कष्टानं कुशीवर वळावं तसं, उशाकडून आलं, "अं...हं."

हा आवाज त्यांनी ऐकलेला होता. इस्पितळातल्या शेवटच्या दिवशी ऐकला होता. त्या उसाच्या रसाचा चमचा त्याच्या ओठांशी नेत होत्या आणि तो डोळे न उघडता म्हणत होता, अंहं. नको आई, पुरे. तरी त्या पाजत होत्या. एक चमचा, माझ्यासाठी, एवढा एक. पोरगं आईचं मन मोडवेना म्हणून घोट घेत होतं आणि ते घशाखाली उतरत नव्हतं. आणि आज वर्षभर त्या तेच करत होत्या. हे हसू कधी गेलं? दसऱ्याला होतं का? गौरी-गणपतीत होतं का? त्यांनी लक्षच दिलं नव्हतं. आवाज आला की त्यांचं पोट भरत होतं, आणि तो कुठून, कसा येतो, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. गाळ्यातल्या कामगाराला निदान शुक्रवारची सुट्टी मिळते. त्यांनी आपल्या पोराला तीही दिली नव्हती, उलट त्याच दिवशी जास्त राबवलं होतं.

"माझंच चुकलं रे राजा," त्या म्हणाल्या. यावर काही उत्तर आलं नाही.

त्यांनी पदर सावरला आणि चटई ओढून कॉटला अगदी टेकून बसल्या. तो तापानं फणफणलेला असायचा तेव्हा बसत तशा. उशीवर हात ठेवला. पुस्तक उघडायची गरज नव्हती. तो फिस्कारणारा 'श' त्यांनी इतक्या हळू काढला, की तो शिकवणाऱ्याला नक्की आवडला असता.

"इश श्लाफे."

थांबल्या. खोलीत शांत होतं.

"डू श्लेफ्स्ट." ओठांवर 'श्लाफ्स्ट' आलं होतं. शेवटचं एकदा, फक्त एकदा, असं मन आत ओरडत होतं. ते त्यांनी गिळलं. "एअर श्लेफ्ट."

बोटांखाली उशीचा अभ्रा गार लागत होता. "व्हीर श्लाफेन. ईर श्लाफ्ट." आवाज फुटला, तो त्यांनी आवरला, कारण फुटलेल्या आवाजात स्वर बिघडतो आणि स्वर बिघडला तर तो पुन्हा उठून बसायचा. "झी श्लाफेन."

त्या ऐकत राहिल्या. कानात प्राण आणून ऐकत राहिल्या. वर्षभर त्या खोलीत कुणीतरी असायचं. बोललं नाही तरी असायचं, हे त्यांना आज ते नसताना कळलं. कॉट होती, खुर्ची होती, खिडकी होती. बाकी काही नव्हतं.

संध्याकाळी प्रभाकरराव कचेरीतून आले. चहा घेतला, पुस्तक घेतलं, मागच्या खोलीत गेले. अनसूयाबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या. यांना कसं सांगावं? सांगायचं म्हणजे आधी सगळंच सांगायला हवं. आणि यांना तर काही ऐकूच येत नसेल, वेड लागलं म्हणतील.

"इश श्लाफे," आतून आवाज आला. "डू श्लाफ्स्ट."

शांतता.

"डू श्लाफ्स्ट," प्रभाकरराव पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. मग थांबले. "डू श्लाफ्स्ट. एअर श्लाफ्ट." पुन्हा थांबले. "इख श्लाफे." हा 'इख' तर मार्गशीर्षातच सुटला होता. "इख श्लाफ्स्ट. इख कोम्स्ट." आवाज चढत चालला. "इख बिस्ट! डू बिन!" पहिल्या धड्यातलं, पहिल्या पानावरचं 'मी आहे, तू आहेस', कच्च्या पोरालाही येईल ते हा माणूस चुकत होता. एकामागून एक, श्वास न घेता, आणि प्रत्येक चुकीनंतर थांबत होता.

अनसूयाबाई उठून दाराशी आल्या. आजवर त्यांनी हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, चहा घेऊन गेल्या तरी नजर कपावर असायची. आज पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला शिकताना नीट पाहिलं. पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं. प्रभाकरराव पुढे वाकून बसले होते, एक कान उशाकडे करून. चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या.

"डू श्लाफ्स्ट," ते म्हणाले. आता त्यात विनवणी होती.

"अहो," अनसूयाबाई म्हणाल्या. "तो झोपला."

प्रभाकररावांनी मान वळवली. एका छपराखाली वर्षभर दोन चोर राहत होते आणि दोघांना वाटत होतं, आपण एकटेच.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"दुपारी."

"त्रास झाला का त्याला?"

"नाही. दमला होता फार." त्या आत येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता तुम्ही एकदा म्हणा. तुम्ही कबूल केलं होतंत."

प्रभाकररावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग पुस्तक न उघडता, कॉटकडे बघत, झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलावं इतक्या हळू आवाजात त्यांनी सहाही रूपं म्हटली. एकही चुकलं नाही. उच्चार तर असा स्वच्छ, की वर्षभर चुकायला त्यांना किती कष्ट पडले असतील ते अनसूयाबाईंना कळलं.